कुवेतातली बुरशी

कुवेतात बुरशी येत नाही. ज्या देशात धुऊन टाकलेली पँट पंधरा मिनिटांत वाळून पुठ्ठ्यासारखी उभी राहते, तिथे बुरशीला कोण विचारतो? एवढी साधी गोष्ट. पण अक्कल काही माणूस विमानात बसताना बॅगेत भरून नेतोच असं नाही. मी तरी माझी गावीच विसरलो होतो, आणि त्यापायी एका म्हातारीच्या चित्रातला माणूस मी माझ्या हाताने पुसून टाकला. त्याची ही गजाल.

मी मालवणकडचा सुतार. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा कुवेतला आलो. काम दारं-खिडक्यांचं म्हणून सांगितलं होतं, पण उतरल्यावर कळलं की मला सलवा नावाच्या वस्तीतल्या एका फ्रेमच्या दुकानात बसवलंय. पहिल्या दिवशी मी जाम भडकलो. माझ्या बापाने देवळाचे खांब घडवले, आणि मी काय आता लोकांच्या लग्नाचे फोटो चौकटीत घालू? पण माझा राग म्हणजे दुधाचा ऊत. जितक्या झटकन वर येतो तितक्याच झटकन खाली बसतो. चार दिवसांत हात बसला. पट्टी पंचेचाळीसच्या कोनात कापायची, चारी कोपरे असे मिळवायचे की मधून केस जाता कामा नये. पुढे काच, मागे प्लाय. सोपं काम, पण चुकलं तर लगेच दिसणारं.

दुकानात मी आणि मुदीर, दोघेच. मुदीर म्हणजे साहेब. आमचा सिरियाचा होता, साठीला आलेला, चहात साखर विरघळायची थांबेपर्यंत घालणारा, आणि रागाच्या बाबतीत माझा थोरला भाऊ शोभेल असा. खरा मालक वर्षातून दोनदा दिसायचा, तोही गाडीतून न उतरता. माझा पासपोर्ट मुदीरच्या टेबलाच्या खणात, आणि खणाची किल्ली मुदीरच्या कमरेला. तेव्हा सगळ्यांचंच तसं असायचं, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटायचं नाही.

राहायला मी खैतानला. एका खोलीत सहाजण, सगळे कोकणातले, सगळे बायकापोरं गावी ठेवून आलेले. माझ्या शेजारच्या खाटेवर एक कणकवलीचा प्लंबर होता, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. आम्ही त्याला काका म्हणायचो. काकाला जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत होतं आणि ते विचारावं लागत नसे.

मी निघालो तेव्हा बायकोला पाचवा महिना होता. मुलगी झाल्याचं मला फोनवर कळलं, तेही खरखरीतून, तीनदा विचारल्यावर. नंतर तिला दात आले, ती चालायला लागली, बोलायला लागली. सगळं माझ्याशिवाय. फोनवर बायको तिच्या कानाला रिसीव्हर लावायची आणि मला नुसता श्वास ऐकू यायचा. तीन वर्षांनी दोन महिने रजा, असा करार. ती तीन वर्षं श्रावणाच्या तोंडाशी भरत होती. तिकीट काढलेलं होतं. मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच डोक्यात: पोरीचं तोंड बघायचं.

आणि त्याच आठवड्यात बायकोचं पत्र आलं. बायको सातवी शिकलेली, पण लिहिते बोलते तशीच. त्यात एक ओळ होती. "तुमच्या फोटोक यंदाय बुरशी धरली हा. पावसान भिंत वलीच आसता. मी दर आयतवारी पुसतंय, काळजी करू नकात."

फोटो म्हणजे मी निघायच्या आधी मालवणच्या स्टुडिओत काढलेला. निळ्या चौकड्यांचा शर्ट, केसांना तेल, आणि तोंडावर असा भाव की जणू काही मी कुवेत विकत घ्यायलाच चाललोय. तो बायकोने माजघराच्या भिंतीवर लावला होता. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीवरच्या देवादिकांनासुद्धा बुरशी सोडत नाही. आधी बारीक काळे ठिपके, मग त्याला मखमलीसारखी लव. आई त्याला रॉकेलचा बोळा फिरवायची. आम्ही पोरं देवांची तोंडं ओळखायचो ती अंदाजानेच. तर ते पत्र माझ्या खिशात होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा घोळ त्या खिशातून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आली. आता हे ऐकून आमच्या गावचा माणूस म्हणेल, मामा 'आली' काय, मामा 'आला' म्हण. पण कुवेतात घरातल्या थोरल्या बाईला 'मामा' म्हणतात. पहिल्यांदा एका बुरख्यातल्या बाईला मामा म्हणताना मला इतकं हसू आलं होतं की मुदीरने पायावर पाय दिला. ही मामा सत्तरीच्या जवळपासची, हातात काठी, डोळ्यांवर नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तिचा ड्रायव्हर मागून एक चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन आला.

चित्र हाताएवढं लांब, काळ्या शाईचं, रंग नावालाही नाही. उघड्या माळावरून जाणारा रस्ता, आणि त्यावर वादळात सापडलेले पाच जण, शिवाय एक पोर. पुढे एक गडी टोपी धरून वाकलेला. त्याच्यामागे दोन बायका एका छत्रीत, छत्री उलटलेली. एक बाई पोराला पदराआड घेतल्यासारखी. सगळ्यांत मागे एक माणूस, डोक्यावरून कांबळं घेतलेला, मान खाली, एकटाच. आभाळापासून रस्त्यापर्यंत तिरक्या रेघाच रेघा. मुदीर म्हणाला, ही धूळ आहे, तोज. कुवेतात धुळीच्या वादळाला तोज म्हणतात. मी म्हटलं, छत्री दिसत नाही का तुम्हाला? धुळीत छत्री कोण उघडतं? पाऊस आहे हा. पावसातलं मला शिकवू नका. मामा आम्हा दोघांकडे बघून हसली.

ती हिंदी बोलायची. अशी हिंदी, की मी चकितच झालो. मुंबईची जुनी हिंदी, आमच्या आत्याचा नवरा गिरणीत असताना बोलायचा तसली. जुन्या कुवेती लोकांचा मुंबईशी व्यापार होता हे मला ठाऊक होतं, पण ऐकलं पहिल्यांदा. तिने सांगितलं, चित्र तिच्या नवऱ्याने तरुणपणी लंडनला घेतलं होतं. शंभर वर्षांपूर्वीचं तरी असेल. इराकी घुसले तेव्हा घर लुटलं गेलं, पण हे मागच्या खोलीत गाद्यांच्या आड राहिलं. काच फुटली, चौकट मोडली, चित्राला काही झालं नाही. मग ते तसंच पडून होतं. नवरा मागच्या वर्षी गेला, आणि आता तिला ते भिंतीवर हवं होतं.

तिने सगळ्यांत मागच्या माणसावर बोट ठेवलं, न टेकवता. "ये मेरा आदमी," म्हणाली. "वो खुद बोलता था. हमेशा पीछे चलता था. मैं बोलती, जल्दी चलो. वो बोलता, तू आगे देख, मैं पीछे देखता हूँ."

मुदीरने मला बजावलं. हे चित्र नीट बसव, मामाला दे, मग तुझी रजा. मी म्हटलं, बघाच तुम्ही. आणि खरंच, शिसवी रंगाची पट्टी मी अशी कापली की आजही मला तिचा अभिमान वाटतो. चौकट उत्तमच झाली होती, हे मी आधीच सांगून ठेवतो.

कुवेतात दुपारी एक ते चार दुकानं बंद. मुदीर घरी जायचा. मी शटर अर्धं ओढून एसीत बसून काम करायचो, कारण त्या उन्हात बसने खैतानला जाऊन परत येणं म्हणजे भाजून निघणं. त्या दुपारी मी चित्र टेबलावर घेतलं, दिवा जवळ ओढला, आणि पहिल्यांदा बारकाईने बघितलं.

आणि मला बुरशी दिसली.

रेघांच्या कडेकडेने काळं, मऊ, लव असलेलं काहीतरी फुललं होतं. सगळीकडे नाही. माणसांच्या अंगावर जास्त, आणि सगळ्यांत जास्त त्या मागच्या माणसाच्या तोंडावर आणि खांद्यावर. तिथे तर नुसती मखमल. मी बोटाने हवेतच अंदाज घेतला आणि म्हटलं, मेल्यांनो, गाद्यांच्या मागे सात-आठ वर्षं पडलंय, दुसरं काय होणार! खिशात पत्र. दर रविवारी माझं तोंड पुसणारी बायको डोळ्यांसमोर. आणि इथे बिचाऱ्या म्हातारीच्या नवऱ्याच्या तोंडावर बुरशी. मला तिची इतकी दया आली म्हणून सांगू! मनात म्हटलं, चौकटीबरोबर हेही करून देऊ, तिला सांगणारसुद्धा नाही, नुसती बघत राहील.

पॉलिशसाठी स्पिरिट ठेवलेलं असायचं. कापसाचा बोळा केला, स्पिरिटात बुडवला, पिळला, आणि मागच्या माणसापासून सुरुवात केली. बोळा काळा झाला. मला काय आनंद झाला! बघ, निघतेय! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तोंड झालं, खांदा झाला, कांबळ्याची कड झाली. मी चक्क शीळ घालत होतो. आज तो आवाज आठवला की मला माझ्याच कानफटात मारावीशी वाटते.

तिसरा बोळा घेताना मी जरा मागे सरकून बघितलं. बाकीचे चौघे वादळात होते. हा पाचवा नव्हता. त्याच्या जागी केसाएवढ्या बारीक चार-दोन रेघा उरल्या होत्या, आणि तोंडाच्या जागी स्वच्छ कागद. शंभर वर्षं तो त्या पावसातून चालत होता, आणि मी त्याला पंधरा मिनिटांत घालवलं. हात ओला, कापूस काळा, आणि ती काळी शाई आता कुठल्याही उपायाने परत कागदावर जाणार नव्हती.

मुदीर चार वाजता आला. मी टेबलाकडे बोट दाखवलं. त्याने वाकून बघितलं. मग अरबीत जे सुरू झालं त्यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत, ते बरंच झालं. शिव्या संपल्यावर त्याने ॲल्युमिनियमचा एक तुकडा घेतला, खिळ्याने त्यावर जोरात एक रेघ ओढली, आणि माझा अंगठा धरून त्या रेघेवरून फिरवला. टोचलं.

"ये," तो म्हणाला. "ये ही तस्वीर है, हिमार!"

हिमार म्हणजे गाढव. मग त्याने सांगितलं ते असं. तांब्याच्या पत्र्यावर नुसत्या सुईने ओरखडून असं चित्र काढतात. सुई पुढे जाते तसं तांबं दोन्ही बाजूंना उसवून वर येतं. शाई त्या उसवलेल्या कडेला धरून राहते आणि वर कागद दाबला की त्यावर अशी मखमलीसारखी उमटते. ती लव म्हणजेच त्या कारागिराची करामत. आणि दाबाखाली ती कड लवकर मोडते, म्हणून एका पत्र्यातून असे मोजकेच ठसे चांगले निघतात. मला लगेच समजलं. नांगराचं तास काढताना दोन्ही अंगांना माती उसळते ना, तसं. मी ती माती झाडून टाकली होती आणि वर शेत स्वच्छ केलं म्हणून खूश झालो होतो. लाकडात जन्म गेलेला माणूस मी, पटाशीने ओरखडल्यावर कूस वर येते हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण मी बघितलं ते गावाकडच्या डोळ्यांनी.

मुदीर खाली बसला. चहा मागवला, प्यायला नाही. मग शांतपणे म्हणाला, आणि त्याचं शांत होणं मला शिव्यांपेक्षा जड गेलं. मामाला काही सांगायचं नाही. म्हातारी आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला कळणार नाही. तू तोंड उघडलंस तर दुकानाचं नाव जाईल, आणि मग तुझी रजा विसर. पासपोर्ट खणातच राहील, किंवा व्हिसा कॅन्सल होऊन तू कधी, कसा निघशील ते मी सांगू शकत नाही. कमरेच्या किल्लीला त्याने हात लावला. धमकी देण्यासाठी नाही, सवयीनेच लावला असेल. पण मला दिसला.

रात्री काकाला सगळं सांगितलं. काका भात चिवडत ऐकत होता. आधी म्हणाला, "काजळ लाव. नायतर शाईन भर." मी त्याच्यावर असा ओरडलो की पलीकडचे दोघे उठून बसले. "शिरा पडो तुझ्या तोंडार, ती काय भुताची सोंगं आहेत रंगवायला?" काका अजिबात चिडला नाही. ताट बाजूला केलं आणि म्हणाला, "मगे गप ऱ्हव. आधी पोरीचा तोंड बघून ये. मगे खरा बोलाचा ता बोल."

ते मला पटलं. खोटं कशाला सांगू, पूर्ण पटलं. तीन वर्षं मी काय दुसऱ्याच्या चित्रातल्या माणसासाठी काढली होती? मेलेल्या माणसाच्या तोंडापेक्षा माझ्या जिवंत पोरीचं तोंड मोठं. मी ठरवून टाकलं, गप्प राहायचं. आणि गप्प राहायला जमलंही असतं, जर मामाने मला किंवा मुदीरला दोष दिला असता.

ती चार दिवसांनी आली. मुदीरने चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं, दिव्यापासून लांब. मामाने चौकटीवरून हात फिरवला, "माशाल्ला" म्हणाली, माझ्याकडे बघून मान डोलावली. मग वाकली. नजर पुढच्या गड्यावरून, छत्रीवरून, बाईवरून मागे गेली आणि थांबली.

"इसका मुँह किधर गया?"

"ऐसा ही था, मामा," मुदीर म्हणाला. "पुराना है. काच के पीछे ऐसा दिखता है."

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला. परत वाकली. एक डोळा हाताने झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. आम्ही दोघे उभे. मग ती काठीवर भार देऊन सरळ झाली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तो फिर मेरी आँख गई. डॉक्टर झूठ बोला. कल तक मुझे याद में भी दिखता था."

मला ते सोसवलं नाही. तिने आरडाओरडा केला असता, दुकान डोक्यावर घेतलं असतं, तर मीही उलट ओरडलो असतो, माझा तो स्वभावच आहे. पण ती स्वतःच्या डोळ्यांवर आळ घेत होती. आम्ही दोन धडधाकट पुरुष तिच्यासमोर उभे, आणि ती बिचारी स्वतःलाच आंधळी ठरवत होती.

"मामा, तुम्हारी आँख ठीक है," मी म्हटलं. "मैंने पोंछा."

मुदीरने डोळे मिटले. मामा माझ्याकडे वळली.

"क्यों?"

आता काय सांगू? बुरशीला हिंदीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. अरबीत तर शब्द असेल की नाही देव जाणे. मी हातवारे केले, कागद, पानी, काला-काला, आणि शेवटी जे तोंडात होतं तेच बाहेर पडलं.

"मामा, मुझे लगा... बुरशी है."

"बुरशी?" ती म्हणाली.

इतका स्वच्छ शब्द! मालवणच्या बाजारात ऐकावा तसा. मुदीर आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. मामा बाजूच्या स्टुलावर बसली. काठी मांडीवर आडवी घेतली. म्हणाली, ती चौदा वर्षांची होईपर्यंत मुंबईला होती, बापाचा मोत्यांचा व्यापार होता. घरात एक बाई कामाला होती, तुमच्याकडचीच असेल. पावसाळा आला की ती सकाळी सगळ्यांचे जोडे, पुस्तकं, पेट्या बाहेर काढायची, आणि घरभर ओरडत फिरायची, "बुरशी आली, बुरशी आली!" घरातल्या पोरींना वाटायचं, बुरशी म्हणून कोणी बाई आहे आणि ती दारात उभी आहे.

"किस से पोंछा?" तिने मला विचारलं.

"स्पिरिट से."

"वो घासलेट से पोंछती थी."

मी घाबरत घाबरत खिशातलं पत्र काढून दाखवलं, जणू काही तिला मालवणी वाचता येणार होतं. सांगितलं, बीवी ने लिखा है, मेरे फोटो को बुरशी लगा है, पोंछती है. तिने विचारलं, घरी कोण कोण? मी म्हटलं, एक बच्ची है. अभी देखी नहीं.

मामा उठली. मुदीरशी अरबीत बोलली, थोडंच, पण मुदीरची मान खाली गेली. चित्र ड्रायव्हरला उचलायला सांगितलं. त्याला परत कोणी हात लावायचा नाही, शाई नाही, पेन्सिल नाही, आहे तसंच भिंतीवर लागेल, म्हणाली. मी पाया पडायला वाकलो तर तिने काठी मध्ये घातली.

"माफ नहीं किया," म्हणाली. "वो मेरा आदमी था. माफ नहीं करूँगी. लेकिन तू जा, बच्ची को देख."

मी त्यानंतर कुवेतात आणखी दहा-अकरा वर्षं काढली. खैतानची खोली बदलली, मोबाइल आले, पोरीचं तोंड फोनवर दिसायचे दिवस आले. मामा दुकानात अनेकदा आली, नातवंडांचे फोटो घेऊन. माझ्याशी नीट बोलायची, बच्चीची चौकशी करायची. पण "माफ केलं" असं ती कधीच म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. खरं सांगतो, मला तेच बरं वाटायचं. तोंडदेखलं माफ केलं असतं तर मी विसरूनही गेलो असतो.

तर त्या दिवसानंतर दोन आठवड्यांनी मुदीरने खण उघडला आणि पासपोर्ट टेबलावर सरकवला. "हिमार," एवढंच म्हणाला, आणि बदामाची एक पिशवी हातात दिली.

सामान बांधताना काकाने मला नवा शर्ट घालायला लावला. कुवेतहून आलेला वाटला पाहिजे, म्हणे, गावात जातोयस. पोरीसाठी मी उरलेल्या शिसवी पट्टीची एक छोटी चौकट केली होती, तिचा फोटो घालायला. काच फुटू नये म्हणून ती जुन्या शर्टात गुंडाळून बॅगेत घातली. विमान, मग मुंबईहून रात्रभर एसटी, मग रिक्षा. दाढी करायला वेळ मिळाला नाही. घरी पोचलो तेव्हा सकाळ होती आणि पाऊस नुसता ओतत होता. पागोळ्यांतून मी अंगणात शिरलो, आणि दारात एक पोर उभी होती. माझी. मी हात पुढे केले. तिने मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि किंचाळत आत पळाली.

आत गेलो. ती आईच्या लुगड्यात शिरली होती. बायको रडत होती, हसत होती, तिला पुढे ढकलत होती, "अगे, बाबा! तुझे बाबा इले!" पोरीने मान हलवली. माझ्याकडे न बघता भिंतीकडे बोट केलं आणि ठणकावून सांगितलं, "ह्ये बाबा."

मी भिंतीकडे बघितलं. चौकटीत निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. कॉलर होती, वरचं बटण होतं. आणि कॉलरच्या वर काही नव्हतं. पांढरा, खरवडलेला कागद.

राग असा वर आला की कानशिलं तापली. तीन वर्षं पोरीला हे दाखवत होती ही बया? मुंडी नसलेला बाप? तोंड उघडलं होतं मी. बायको माझ्याकडे बघत होती, आणि घाबरली होती. पुसून पुसून फोटोचं काय झालं ते तिने पत्रात लिहिलं नव्हतं, हे आता माझ्या लक्षात आलं.

"कशान पुसलंस?" मी विचारलं.

"रॉकेलाच्या बोळ्यान," ती म्हणाली. "दर आयतवारी. माका वाटला, तुमच्या तोंडार बुरशी नको."

उघडलेलं तोंड मी मिटलं. खाली बसलो तो तिथेच, ओल्या जमिनीवर. मला हसायलाही येत होतं आणि रडायलाही, आणि दोन्ही झालं. बायकोला काही कळेना. तिला काय सांगणार, की बाई, तुझ्यासारखाच एक शहाणा कुवेतात बसला होता.

काहीतरी करायचं म्हणून मी बॅग ओढली. छोटी चौकट बाहेर काढली, तिच्यावरचा शर्ट सोडवला. निळ्या चौकड्यांचा. पॉलिशचे डाग पडलेला, कॉलर विरलेला, पण तोच. पोरीने मान बाहेर काढली. शर्टाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, परत शर्टाकडे.

"बाबांचो शर्ट," ती म्हणाली.

मी काकाचा नवा शर्ट काढून फेकला आणि तो घातला. घाईत बटणं खालीवर लागली. ती जवळ आली. एक बोट बटणावर ठेवलं, मग कॉलरवर. कॉलरच्या वर काय आहे ते तिने पहिल्यांदाच बघितलं. बराच वेळ बघितलं. दोन दिवसांची दाढी होती, काळी, खुरटी.

फोटोच्या खाली खिळ्याला एक फडकं लटकत होतं. तिने टाचा उंचावून ते काढलं, आईला करताना बघितलं होतं तसं चार बोटांना गुंडाळलं, आणि माझी हनुवटी एका हाताने धरून गालावरून जोरजोरात फिरवायला लागली.

"बुरशी," ती म्हणाली.